पाटी नसलेल्या रस्त्याची वेगमर्यादा: ओपनस्ट्रीटमॅपमधले देशवार मूळ आकडे आणि कोकणातले रस्ते

तिठ्यावरून वाडीकडे वळणाऱ्या रस्त्यावर वेगमर्यादेची पाटी सहसा नसते. पाटी नसली तरी मर्यादा असतेच. देशाच्या कायद्याने ठरवलेला मूळ आकडा तिथे लागू होतो आणि वेळ सांगणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपला तो कुठून तरी घ्यावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या, लोकांनी मिळून भरलेल्या नकाशात हा आकडा कुठे लिहायचा याची रीत ठरलेली आहे. ती चुकली की जेमतेम एक एसटी मावेल असा बारा किलोमीटरचा रस्ता अ‍ॅप तेरा मिनिटांत संपवून दाखवतं. मग गणपतीला गावी निघालेला चाकरमानी रात्रीच्या वेळी हायवे सोडून त्या रस्त्यात शिरतो.

हे तेरा मिनिटांचं गणित असं घडतं. ओएसआरएम हे बऱ्याच ठिकाणी वापरलं जाणारं मार्ग काढणारं इंजिन आहे. त्याच्या मूळ गाडी-प्रोफाइलमध्ये, म्हणजे मोटारीसाठीच्या नियमांच्या फाइलमध्ये, अनक्लासिफाइड, म्हणजे साध्या ग्रामीण रस्त्याचा वेग ताशी २५ किलोमीटर धरलेला आहे. त्या रस्त्यावर कुणी मॅक्सस्पीड=७० असा टॅग (रस्त्याचा गुण सांगणारी ‘नाव=किंमत’ अशी नोंद; मॅक्सस्पीड म्हणजे वेगमर्यादा) टाकला की इंजिन २५ सोडून देतं आणि ७० च्या ८० टक्के, म्हणजे ५६ धरतं. बारा किलोमीटरला २५ च्या वेगाने २९ मिनिटं लागतात, ५६ ने १३. कायद्याच्या दृष्टीने ७० हा आकडा बरोबरही असेल, पण तो चुकीच्या जागी बसला.

म्हणून कायद्याने परवानगी दिलेला वेग आणि रस्ता ज्या वेगाने जाऊ देतो तो वेग, या दोन गोष्टी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवायच्या. पहिली देशाच्या तक्त्यात एकदाच लिहायची. दुसरी प्रत्येक रस्त्याच्या रुंदीतून, पृष्ठभागातून, वळणांतून आणि गतिरोधकांतून निघू द्यायची. वेळ बरोबर यावी म्हणून मॅक्सस्पीडमध्ये स्वतःच्या अंदाजाचा आकडा लिहिणं हा खोटा कायदा लिहिण्याचा प्रकार आहे. तो कधीही करू नये.

लिहिण्यापूर्वी टंकनाचं

या लेखात टॅगांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. नकाशात ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची. शब्द जोडायला खालची रेघ, उपटॅगासाठी (मूळ टॅग एखाद्या वाहनापुरता किंवा दिशेपुरता मर्यादित करणाऱ्या जोडासाठी) अपूर्णविराम, आणि मध्ये जागा सोडायची नाही. देशाचा संकेत तेवढा मोठ्या अक्षरांत येतो: भारताचा आयएन, महाराष्ट्राचा आयएन-एमएच, गोव्याचा आयएन-जीए. आकडेही रोमन लिपीतलेच हवेत. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि खान्यात देवनागरी ७० गेले, तर नोंद दिसायला नीट दिसते, पण इंजिनाला त्यात वेग सापडत नाही. एकक लिहायचं नाही, कारण नुसता आकडा म्हणजे ताशी किलोमीटर हे ठरलेलं आहे. ‘७० केएमपीएच’ असं लिहून बिघडवलेल्या नोंदी साफ कराव्या लागतात. मैलांत मोजणाऱ्या देशांत मात्र आकड्यानंतर जागा सोडून एमपीएच लिहावंच लागतं.

पहिली पायरी: कायद्याचा आकडा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ११२ वेगमर्यादेचं आहे. पोटकलम १ प्रमाणे केंद्र सरकार वाहनाच्या प्रकारानुसार कमाल वेग ठरवतं. पोटकलम २ प्रमाणे राज्य सरकार, किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी, एखाद्या भागासाठी, रस्त्यासाठी किंवा पुलासाठी वेगळी मर्यादा घालू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना आणि जागेवर पाट्या लागतात. बंधन एक महिन्यापेक्षा जास्त काळाचं नसेल तर राजपत्राची गरज नाही.

केंद्राने ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत रस्त्यांचे चार प्रकार केले: द्रुतगती मार्ग, दुभाजक असलेला चार किंवा अधिक पदरी रस्ता, नगरपालिका हद्दीतला रस्ता, आणि इतर. आकडे असे आहेत. चालक सोडून आठपर्यंत आसनांच्या मोटारीला अनुक्रमे १२०, १००, ७०, ७०. चालक सोडून नऊ किंवा अधिक आसनांच्या प्रवासी गाडीला १००, ९०, ६०, ६०. मालवाहू गाडीला ८०, ८०, ६०, ६०. मोटारसायकलला ८०, ८०, ६०, ६०. तीनचाकीला द्रुतगती मार्गावर आकडा नाही, बाकी सगळीकडे ५०.

तिसरा आणि चौथा स्तंभ ताडून पाहा. दोन्ही सारखे आहेत. जर्मनीत वस्तीत ५० आणि वस्तीबाहेर १०० असा दुपटीचा फरक असल्यामुळे वस्तीची सीमा कुठे संपते हा तिथल्या नकाशाकारांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. आपल्याकडे मूळ मर्यादेपुरता तो प्रश्न उरत नाही. चिपळूण नगरपरिषदेच्या हद्दीतला साधा रस्ता आणि हद्दीबाहेर सावर्ड्याकडचा साधा रस्ता, दोन्हीकडे मोटारीचा मूळ आकडा ७०. आपल्याकडे आकडा बदलतो तो दुभाजक आणि पदरांची संख्या यांमुळे. त्यामुळे मेहनत तिथेच घाला.

या अधिसूचनेला २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रद्द ठरवलं होतं, कारण वाढवलेले वेग न्यायालयाला धोकादायक वाटले. म्हणून तक्त्यात कोणताही आकडा लिहिताना किंवा बदलताना अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख शेजारी लिहा, आणि त्या दिवशीचं राजपत्र उघडून पाहा. वर्तमानपत्रातली बातमी किंवा दुसऱ्या नकाशात दिसलेला आकडा चालत नाही. व्यापारी नकाशांवरून नोंद उचलणं तर परवान्याच्या विरुद्ध आहे.

दुसरी पायरी: आकडा देशाच्या तक्त्यात

ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर देशवार मूळ वेगमर्यादांचं एक पान आहे. तो तक्ता माणसांसाठी आहे आणि यंत्रासाठीही: एक प्रोग्राम तो वाचून त्याचं यंत्राला कळेल असं रूप तयार करतो आणि मार्ग काढणारी इंजिनं ते वापरू शकतात. त्यामुळे इथे मनाने शब्द बदलता येत नाहीत. रस्त्याच्या प्रकाराचं नाव त्याच पानावरच्या व्याख्यांच्या यादीत जसं आहे तसंच, अक्षरशः, लिहावं लागतं. ‘दुभाजकवाला हायवे’ अशा अर्थाचं स्वतःचं इंग्रजी नाव दिलं तर ती ओळ निकामी होते.

भारतासाठी तीन ओळी पुरतात. पहिल्या ओळीत रस्त्याचा प्रकार रिकामा ठेवायचा. ‘दुसरं काही लागू नसेल तेव्हा’ असा त्याचा अर्थ. तिथे मॅक्सस्पीड=७०. दुसरी ओळ दुभाजकाच्या आणि प्रत्येक दिशेला किमान दोन पदर असलेल्या रस्त्याची, तिथे १००. तिसरी मोटरवेची, म्हणजे द्रुतगती मार्गाची, १२०. प्रत्येक ओळीत वाहनांचे उपटॅग जोडायचे.

इथे एक चूक वारंवार होते. मालवाहू म्हणजे ट्रक असं समजून फक्त मॅक्सस्पीड:एचजीव्ही लिहिलं जातं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एचजीव्ही म्हणजे साडेतीन टनांवरची गाडी. आपल्या अधिसूचनेत मात्र सगळी मालवाहू वाहनं एकाच ओळीत आहेत. बंदरावरून मासळी नेणारा छोटा टेम्पो आणि आंब्याच्या पेट्यांचा पिकअप एचजीव्हीत बसत नाहीत, पण मर्यादा त्यांनाही ६० चीच. म्हणून मॅक्सस्पीड:गुड्स हाही उपटॅग त्याच आकड्याने लिहा. तसंच बससोबत मिनीबस, कारण चालक सोडून नऊ आसनांपासूनच मर्यादा बदलते आणि वडाप करणाऱ्या बऱ्याच मोठ्या गाड्या त्यात येतात.

देशाचा आकडा प्रत्येक रस्त्यावर चिकटवायचा मोह टाळा. ब्रिटनमधल्या वेल्सने १७ सप्टेंबर २०२३ पासून पथदिवे असलेल्या रस्त्यांची मूळ मर्यादा ३० मैलांवरून २० वर आणली. मूळ मर्यादा तक्त्यात असेल तर असा बदल एका ओळीचा असतो. आकडा रस्त्या-रस्त्यावर लिहिलेला असेल, तर कुठला पाटीवरून आला आणि कुठला मूळ नियमातून, हे एकेक तपासत बसावं लागतं.

तिसरी पायरी: रस्ता कुठल्या ओळीत बसतो हे नकाशाला कळू द्या

तक्ता बरोबर असूनही निकाल चुकतो, कारण रस्त्याचे गुण चुकीचे भरलेले असतात. राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे जुना १७, पनवेलहून पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ करत बांद्यापुढे गोव्यात उतरतो. त्याच्यावर खालच्या गोष्टी पाहा.

वर्ग ट्रंक असला पाहिजे. भारतातली रीत अशी: राष्ट्रीय महामार्ग ट्रंक, राज्य महामार्ग प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग सेकंडरी, त्याखालचे टर्शरी आणि अनक्लासिफाइड. चौपदरी काँक्रीट पाहून कुणी मोटरवे लिहिलं की मोटारीची मूळ मर्यादा एकदम १२० होते आणि रिक्षा-दुचाकी मार्गातून बाद होतात. प्रत्यक्षात या रस्त्यावर गावांतले रस्ते थेट येऊन मिळतात. कोकणात मोटरवे म्हणण्याजोगा एक रस्ता म्हणजे कळंबोलीहून निघणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, आणि तिथेही पाट्यांवर १२० पेक्षा कमी मर्यादा आहे, त्यामुळे पाटीचाच आकडा लिहायचा.

दुभाजक असेल तिथे दोन रेषा हव्यात, दोन्ही एकेरी, वनवे=येस. लेन्स हा टॅग त्या एका रेषेवरच्या पदरांचा असतो. चौपदरी रस्त्याच्या प्रत्येक बाजूला लेन्स=२. दोन्ही बाजूंना लेन्स=४ लिहिलेलं पुष्कळदा आढळतं; मग नकाशात तो आठपदरी होतो. शक्य तिथे ड्युअल_कॅरेजवे=येस जोडा. तो नसेल तर प्रोग्रामला नुसत्या वनवेवरून अंदाज बांधावा लागतो आणि बाजारपेठेतला साधा एकेरी रस्ताही चुकून दुभाजकाचा समजला जातो. मधोमध नुसता पांढरा-पिवळा पट्टा असलेला चौपदरी तुकडा दुभाजकाचा नाही. त्याला एकच रेषा आणि मूळ मर्यादा ७०.

काम चालू असलेल्या तुकड्याला हायवे=कन्स्ट्रक्शन आणि कन्स्ट्रक्शन=ट्रंक. एका बाजूनेच दोन्हीकडची वाहतूक चालू असेल तर त्या बाजूचा वनवे काढा. ही नोंद विसरली की अ‍ॅप गाडीला बंद बाजूवर १०० ची परवानगी दाखवतं. या कामाचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे, म्हणून कामाच्या पट्ट्यातल्या नोंदी वरचेवर तपासल्या पाहिजेत.

चौथी पायरी: जिथे पाटी आहे

लाल वर्तुळातला काळा आकडा ही कायद्याची मर्यादा. ती जिथे सुरू होते तिथे रेषा तोडा: आयडी या ब्राउझरमधल्या नकाशा-संपादकात बिंदू निवडून एक्सची कळ, जेओएसएम या संगणकावरच्या संपादकात पीची. पुढच्या तुकड्यावर मॅक्सस्पीड आणि सोबत मॅक्सस्पीड:टाइप=साइन. दुसरा टॅग आळसाने सोडू नका. हा आकडा कुणी डोळ्यांनी पाहिला आहे, हे पुढच्याला त्यावरूनच कळतं. तोडल्यानंतर महामार्गाचं आणि एसटी मार्गाचं नातं (रिलेशन, म्हणजे अनेक तुकडे एका मार्गात बांधणारी नोंद) दोन्ही तुकड्यांवर शाबूत आहे का, ते बघा.

पाटी नसलेल्या रस्त्यावर मूळ नियम लागू आहे हे नोंदवायचंच असेल तर मॅक्सस्पीड:टाइपमध्ये आयएन:रूरल किंवा आयएन:अर्बन लिहा. तो शब्द मॅक्सस्पीडच्या खान्यात टाकू नका. ओएसआरएमच्या मूळ प्रोफाइलमध्ये भारतासाठी वेगळा आकडा नाही, आणि अनोळखी देशाचं ‘रूरल’ ते ९० मानतं. आपल्या कायद्यातला ७० तिथे ९० होऊन बसतो.

घाटातल्या पाट्या वेगळ्या लक्षाने वाचाव्या लागतात. आंबा, कुंभार्ली, करूळ, भुईबावडा, आंबोली, वरंधा: चढणीला एक आणि उतरणीला दुसरा आकडा असू शकतो. त्यासाठी मॅक्सस्पीड:फॉरवर्ड आणि मॅक्सस्पीड:बॅकवर्ड. पुढे-मागे हे चढ-उतारावरून ठरत नाही, रेषा ज्या दिशेने काढली त्यावरून ठरतं. संपादकातला बाण आधी बघा. अवजड वाहनांची वेगळी पाटी असेल तर तिचाही आकडा लिहा. वळणावरचा पिवळ्या पाटीवरचा सल्ला मॅक्सस्पीड:अ‍ॅडव्हायझरीत जातो. ‘अपघातप्रवण क्षेत्र’, ‘वाहने सावकाश हाका’, ‘पुढे शाळा आहे’ या पाट्यांतून मॅक्सस्पीड निघत नाही.

शाळेच्या वेळेपुरती किंवा ओल्या रस्त्यापुरती मर्यादा पाटीवर स्पष्ट लिहिलेली असेल तर मॅक्सस्पीड:कंडिशनल: आकडा, मग @, मग कंसात वेळ, ओल्या रस्त्यासाठी @ नंतर वेट. पाटीवर पावसाचा उल्लेख नसताना ‘पावसात ४० च बरं’ म्हणून ही नोंद करायची नाही. गणेशोत्सवात अवजड वाहनांवर येणारी काही दिवसांची बंदीही नकाशात भरू नका. लोक नकाशा डाउनलोड करून महिनोन्महिने तोच वापरतात आणि उत्सव संपल्यावरही बंदी त्यांच्या फोनमध्ये राहते.

पाचवी पायरी: वाडीतला रस्ता खरा किती पळू देतो

सगळ्यात जास्त काम इथे आहे, आणि नकाशा भरणारे इथेच सगळ्यात कमी वेळ देतात.

काही इंजिनं वस्ती ओळखण्यासाठी आजूबाजूच्या रस्त्यांची दाटी मोजतात. देशावरच्या गावात घरं एकमेकांना चिकटून आणि गल्ल्या दाट असल्यामुळे हे जमतं. कोकणातली वाडी लांबट असते. एकेक घर माडा-पोफळीच्या आगरात, मध्ये जांभ्याचे गडगे आणि मधून जाणारा एकच रस्ता. रस्त्यांची दाटी कमी म्हणून इंजिन त्याला मोकळं रान समजतं आणि अंगणाच्या कडेने गाडी पळवतं. हे टाळायचं तर रस्त्याचं वर्णन भरावं लागतं.

रुंदी: डांबराची रुंदी मोजून विड्थमध्ये मीटरमध्ये लिहा, बाजूपट्टी धरू नका. भारतीय रस्ते परिषदेच्या मापांत एकपदरी रस्ता ३.७५ मीटर, दीडपदरी ५.५, दुपदरी ७. रेवस-रेड्डी सागरी मार्गाचे जुने तुकडे आणि जिल्हा मार्ग पाहताना ही तीन मापं डोक्यात असली की नजरेचा अंदाज सुधारतो. एकपदरीला लेन्स=१. दीडपदरीवर पट्टे नसतील तर लेन_मार्किंग्स=नो लिहून रुंदी ५.५ द्या.

पृष्ठभाग: डांबर म्हणजे अ‍ॅस्फाल्ट, सिमेंट रस्ता म्हणजे काँक्रीट, खडीकरण झालं पण डांबर पडलं नाही तो कॉम्पॅक्टेड किंवा ग्रॅव्हल, सड्यावरची लाल मातीची वाट डर्ट. त्यासोबत स्मूदनेस: ओएसआरएम ‘बॅड’ला वेग ४० वर आणि ‘व्हेरी_बॅड’ला २० वर रोखतं. श्रावणातल्या खड्ड्यांवरून ठरवू नका. दिवाळीनंतर, डागडुजी होऊन गेल्यावर जी अवस्था वर्षातला मोठा भाग टिकते, ती लिहा.

गतिरोधक हे रस्त्याच्या रेषेवरचे बिंदू: रुंद उंचवट्याला ट्रॅफिक_कामिंग=हंप, अरुंद टोकदार असेल तर बंप, रांगेने मारलेले जाड पट्टे रंबल_स्ट्रिप.

पाखाडीची, म्हणजे वाडीतल्या पायी जायच्या वाटेची, चूक विशेष नुकसान करते. उपग्रहचित्रात झाडांमधून दिसणारी पांढरी रेघ बघून ती रेसिडेन्शियल रस्ता म्हणून काढली जाते. पायऱ्या असतील तर हायवे=स्टेप्स, नुसती पायवाट असेल तर फुटवे. नाहीतर मार्ग काढणारं अ‍ॅप मोटारीला पायऱ्यांवरून समुद्राकडे उतरवतं. पायऱ्या आहेत की नाही हे वरच्या चित्रातून कळत नाही, त्यासाठी जागेवरच जावं लागतं.

आणि खाडी. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा या फेरीबोटींना वेग लिहायचा नाही. रूट=फेरी रेषेवर मोटर_व्हेइकल=येस आणि ड्युरेशन. ड्युरेशन तास:मिनिटे असं लिहायचं. ००:१५ म्हणजे पंधरा मिनिटं, १५:०० म्हणजे पंधरा तास, आणि दुसरं लिहिलं गेलं तर अ‍ॅप त्या जेट्टीकडे कुणालाच पाठवणार नाही. बोट सुरू झाल्यापासून पलीकडे लागेपर्यंतचा वेळ धरा, रांगेतला नको.

सहावी पायरी: इंजिन तुमच्या हातात असेल तर

जिल्ह्यापुरती रुग्णवाहिकेची किंवा एसटीची वेळ काढणारी सेवा स्वतः चालवत असाल तर वॅलहॅला या मार्ग काढणाऱ्या दुसऱ्या इंजिनामध्ये मूळ वेगांची जेसन फाइल (यंत्राला वाचता येईल अशी मजकुराची फाइल) देता येते. त्यात देश आणि राज्याच्या संकेताखाली शहरी, ग्रामीण असे गट असतात आणि प्रत्येक गटात मोटरवेपासून सर्व्हिसपर्यंत आठ वर्गांचे आठ आकडे क्रमाने येतात. क्रम एका घराने सरकला तर सेकंडरीचा वेग टर्शरीला मिळतो आणि कुठलीही सूचना येत नाही. हे प्रवासाचे वेग आहेत, मर्यादा नाहीत. इथे ७० लिहायची गरज नाही. कोकणातल्या ग्रामीण गटासाठी दुभाजक नसलेल्या ट्रंकला ४५, प्रायमरीला ४०, सेकंडरीला ३५, टर्शरीला ३०, अनक्लासिफाइडला २० अशी सुरुवात करा आणि मग खऱ्या फेऱ्यांशी ताडून आकडे हलवा.

ताडायची पद्धत साधी आहे. थांबे वजा केलेल्या जीपीएस नोंदी घ्या, एका रस्त्याच्या किमान पाच-सहा, दोन्ही दिशांच्या. लांबी भागिले वेळ काढा आणि मधला आकडा धरा, सरासरी नको. गुरं आडवी आली किंवा समोरून डंपर आला म्हणून खोळंबलेली एखादी फेरी सरासरीला खाली ओढते. २४ किलोमीटरला ४० मिनिटं म्हणजे ताशी ३६. घाटाचा तुकडा वेगळा मोजा, नाहीतर वरचा सपाट रस्ता आणि खालची वळणं मिळून दोघांसाठीही चुकीचा आकडा निघतो.

सातवी पायरी: तपासणी आणि दुरुस्ती

ओव्हरपास टर्बो या नकाशातल्या नोंदी शोधायच्या संकेतस्थळावर तालुका निवडून मॅक्सस्पीड असलेले सगळे रस्ते काढा आणि आकडा सोडून दुसरं काही असलेले वेगळे करा. देवनागरी अंक, केएमपीएच, आयएन:रूरल, शून्य, ‘नन’ असे नमुने मिळतील. ‘नन’चा अर्थ मर्यादा नाही असा होतो. जर्मनीच्या ऑटोबानसाठी तो योग्य आहे, भारतात कुठेच नाही. माहीत नसेल तर खाना रिकामा ठेवा. मग टर्शरी आणि त्याखालच्या रस्त्यांवर ७० किंवा जास्त असलेले पाहा. टाइप=साइन नसेल आणि रस्त्याकडेच्या छायाचित्रांत पाटी दिसत नसेल, तर ज्याने भरलं त्याला बदलसंचाखाली (एका वेळी जतन केलेल्या बदलांच्या नोंदीखाली) विचारा, उत्तराला पंधरा दिवस द्या आणि मगच काढा.

सरसकट बदल, म्हणजे एका दमात शेकडो रस्त्यांचा आकडा काढणं किंवा घालणं, भारतातल्या नकाशाकारांशी आधी बोलल्याशिवाय करू नये. यंत्राने केलेल्या संपादनांचे नियम तेच सांगतात. काम तालुक्या-तालुक्याने करा. मंडणगडचा संच वेगळा, दापोलीचा वेगळा, आणि प्रत्येकाच्या टिप्पणीत आकडा पाटीवरचा की अधिसूचनेतला हे लिहा. चूक निघाली तर एका तालुक्यापुरतंच उलटवावं लागतं.